पहिल्या अंकात उठायचं नाही

...आणि घसा बघितला हो त्याने माझा! घसा! म्हणजे मी सांगतेय काय, दुखतंय कुठे, आणि हा माणूस हातात बॅटरी घेऊन म्हणतो, "आ करा!" आता तुम्हीच सांगा, डॉक्टरने आ करा म्हटल्यावर माणूस काय करणार? केला मी आ. चांगला मोठा केला. वर "आऽऽऽ" म्हणूनही दाखवलं, सुरात! म्हटलं, असेल बाई, आतून कुठेतरी जोडलेलं असेल, आपण काय शिकलोय त्यातलं? एवढा मोठा डॉक्टर, भिंतीभर नटनट्यांचे फोटो, प्रत्येक फोटोवर सही... विश्वास ठेवायला नको? ठेवला! मी विश्वास ठेवला!

थांबा, असं मध्येच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. पण काय करू, माझा धंदाच मुळी मध्ये बोलायचा आहे. मी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटक चालू असताना रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, विंगेत एक स्टूल असतं, त्या स्टुलावर संहिता मांडीवर घेऊन जी बाई बसलेली असते ना... नाही, तुम्ही बघितलेली नसणार. तीच मी. नट अडला की पुढचं वाक्य मी हळूच सोडते, तो ते उचलतो, टाळी घेतो, घरी जातो. माझं काम उत्तम झालं हे कसं ओळखायचं? मी होते हे कुणाला कळलंच नाही की समजायचं, आज उत्तम झालं.

आणि आमचे नायक... दादा. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात, दोघंही एकमेकांना मोठं करून स्वतः लहान राहतो. तर दादा म्हणजे काय सांगू तुम्हाला! आवाज काय, डोळे काय, नुसते चष्मा पुसत उभे राहिले तरी पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. सगळं आहे त्या माणसाकडे. फक्त वाक्यं नाहीत! ती सगळी माझ्याकडे. आमच्या नाटकात ते निवृत्त न्यायाधीश आहेत, आणि पहिला अंक हा असा लांबलचक, संपता संपत नाही, बाकीची पात्रं येतात, जातात, बाहेर जाऊन चहा पिऊन परत येतात, दादा मात्र पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत स्टेजवर. आणि दादा स्टेजवर म्हणजे मी स्टुलावर. उठायची सोय नाही. गेली कित्येक वर्षं नाही!

मग मी काय युक्ती काढली? दुपारपासून पाणी बंद! प्रयोग असला की जेवणानंतर घोटभर पाणी, बास. संध्याकाळी चहा आला तर नुसता ओठाला लावायचा. नळच बंद केला तर मोरी कशाला वाहील, असा माझा हिशेब. आणि तरीही लागली तर? तर धरायची! पाय दुमडायचे, श्वास रोखायचा आणि पुढचं वाक्य द्यायचं. अभिमान होता हो मला त्याचा. मालक, म्हणजे आमचे निर्माते, नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "शिका जरा! ताई पहिल्या अंकात कधी उठलेल्या बघितल्यात?" आणि मी मान ताठ करून बसायची. शरीर आपलंच आहे, आपल्याला दगा थोडंच देणार? विश्वास ठेवला! मी विश्वास ठेवला!

आणि दिला की दगा! एक दिवस सकाळी बाथरूममध्ये गेले आणि... आता कसं सांगू तुम्हाला चारचौघांत... मिरच्या कुटताना डोळ्यात हात जावा ना, तसं. फक्त डोळ्यात नव्हे. आणि गेले, आले, खुर्चीत टेकले, की पुन्हा जावंसं वाटतं. पुन्हा गेले तर काय? थेंबभर! आणि तो थेंब म्हणजे निखारा! आमच्या ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "उष्णता. पाणी कमी पीत जा म्हणजे सारखं जायला नको." आहे की नाही तर्क? आणि गंमत म्हणजे मला पटला! मी आधीच कमी पीत होते, ते आणखी कमी केलं.

मग मी आमच्या कपडेपटवालीला सांगितलं. जिवाभावाची मैत्रीण, नटांचे कपडे सांभाळते, तिच्यापासून माझं काही लपलेलं नाही. ती म्हणाली, "अगं, हे होय! मला झालं होतं ना मागे. थांब," आणि पर्समधून अर्धवट उरलेली गोळ्यांची पट्टी काढली. औषधाचं नाव फाटलेल्या बाजूला गेलेलं. "घे, दोनच घे, मला दोनात बरं वाटलं होतं." घेतल्या. आणि खरंच बरं वाटलं! मी तिला मिठी मारली, म्हटलं, तू देवमाणूस. पुढच्याच आठवड्यात ते दुखणं परत आलं, आणि एकटं नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन आलं!

तेव्हा मग मी गेले घशाच्या डॉक्टरकडे. तुम्ही म्हणाल, घशाच्याच का? अहो, आम्हा नाटकवाल्यांचा डॉक्टर म्हणजे घशाचाच! आवाज बसला, त्याच्याकडे. पाय मुरगळला, त्याच्याकडे. आमच्या लाइटवाल्याला शॉक बसला होता तेव्हाही त्याच्याकडेच नेला, आणि तोही बरा झाला. म्हणजे आपोआप झाला असेल, पण झाला. तिसऱ्या रांगेतलं फुकट तिकीट कायम त्याच्या नावाने, त्यामुळे फी घेत नाही. मी सगळं सांगितलं, लाज सोडून. तो म्हणाला, "हं हं. आ करा." बघितलं, मान हलवली, "लाली आहे." घशाला, बरं का! आणि घशाच्या गोळ्या दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण शाळेत असताना पाठ केली होती, अर्थ त्या दिवशी कळला. आणि तरीही मी चार गोळ्या खाल्ल्या. ठेवला! विश्वास ठेवला!

मग म्हटलं नाटकवाले नकोत, साधा डॉक्टर बघू. घराजवळ एक आहेत, दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टर आणि बाहेर बसलेली माणसं यांच्या मध्ये फक्त एक पडदा. पडद्याची मला सवय, त्यामुळे काही वाटलं नाही. आत गेले, जवळ वाकले आणि अगदी हळू आवाजात, कुजबुजत सांगितलं. आता इथे माझी अक्कल बघा! तुम्ही कुजबुजता ते शेजारच्यापुरतं. मी कुजबुजते ते स्टेजच्या पार त्या टोकाला, पाठमोऱ्या उभ्या असलेल्या दादांच्या कानात शब्द न् शब्द पोचेल असं! तीच माझी उभ्या जन्माची विद्या! तर मी कुजबुजले, "डॉक्टर... लघवीला... जळजळ होते... सारखं जावंसं वाटतं... आणि गेलं... तर थेंबभर!"

पडद्याबाहेर शांतता. एवढी शांतता आमच्या तिसऱ्या अंकालाही कधी मिळाली नाही. मग एक म्हातारा आवाज आला, "थेंबभर म्हणजे फार त्रास हो, मला माहितीये!" लगेच एक बाई, "जवाचं पाणी घे गं माऊली, अनशापोटी!" तिसरं कोणीतरी, "आणि साडीची निरी-बिरी सैल ठेवा!" आणि डॉक्टर? डॉक्टरांनी मान वर केली नाही. "वय झालं की होतं," म्हणाले, आणि लाल औषधाची बाटली लिहून दिली. तपासणी नाही, चौकशी नाही, कधीपासून, किती, कुठे... काही नाही! बाहेर आले तर सगळी माणसं पाय आखडून मला वाट देतायत. एका गृहस्थाने तर उठून, अदबीने, दवाखान्याच्या बाथरूमकडे हात केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्यानंतर मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि एका प्रयोगाला, पहिल्याच अंकात, दादा खिडकीशी जाऊन अडले, मी वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि माझे दात वाजायला लागले. कडकड कडकड! थंडी भरून ताप, आणि इथे, पाठीत, बरगडीच्या खाली, कुणी सळई खुपसल्यासारखं. वाक्य दिलं हो मी, पण तेही थरथरत. दादांनी ते तसंच थरथरत उचललं, आणि लोकांनी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की न्यायाधीशाचा तो कंप म्हणजे अभिनयाची परिसीमा. तो कंप माझा होता! माझ्या तापाचा होता!

तेव्हा कुठे आमचे हे घाबरले आणि मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. एका चिंचोळ्या इमारतीत वरच्या मजल्यावर, जिना चढता चढता माझा जीव गेला. आखूड केस, चष्मा कपाळावर, आणि मुख्य म्हणजे खोलीला दार होतं, बंद होणारं! बाईंनी विचारलं, "कधीपासून?" आणि गप्प बसल्या. मला वाटलं, वाक्य विसरल्या. सवय हो! मी लगेच पुढचं पुरवलं, "तपासणी करून बघू, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्या उत्तराची वाट बघतेय." आणि तुम्हाला सांगते, मला भडभडून आलं. इतक्या दिवसांत मला प्रश्न विचारून कुणी उत्तरासाठी थांबलंच नव्हतं! मग मी सगळं सांगितलं. स्टूल, पहिला अंक, पाणी बंद, मैत्रिणीच्या दोन, घशाच्या चार, सगळं.

बाई रागावल्या नाहीत. कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, "हे जंतू बाहेरून आत शिरतात. बायकांचा मार्ग आखूड, त्यामुळे त्यांना चढायला सोपं. पाणी पीत राहिलात, जात राहिलात, तर बरेचसे वाहून जातात. तुम्ही पाणी तोडलंत आणि वर धरून बसलात, म्हणजे त्यांना राहायला घर दिलंत. आणि अर्धवट गोळ्यांनी ते सगळे मरत नाहीत, उरलेले निर्ढावतात." लघवी तपासायला दिली, कल्चर का काय ते, म्हणजे कुठले जंतू आणि कुठल्या औषधाला दाद देतात ते कळतं. ताप होता म्हणून औषध लगेच सुरू केलं, रिपोर्ट आल्यावर बदलून दिलं, आणि दम भरला, "बरं वाटलं तरी मध्ये थांबवायचं नाही. ताप आणि पाठदुखी म्हणजे दुखणं मूत्रपिंडापर्यंत चढलंय, आणखी उशीर केला असतात तर दवाखान्यात झोपवून सलाइन लावावं लागलं असतं. आणि यापुढे रोखून धरायचं नाही, दोन-अडीच तासांनी जायचंच." मी म्हटलं, "बाई, पण पहिला अंक?" त्या म्हणाल्या, "अंक माझ्या पुस्तकात नाही. मूत्राशय आहे."

आता आली का पंचाईत? काम सोडावं तर आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. मला सगळ्या जगाची वाक्यं येतात हो, पण त्या स्टुलावर बसूनच येतात. नाही सोडावं तर हे दुखणं. म्हटलं, दादांशी सरळ बोलावं. मेकअप रूममध्ये गेले, दार लावलं, कडी घातली, आणि अजिबात कुजबुजले नाही, साध्या आवाजात सांगितलं. सगळं. जळजळसुद्धा. म्हटलं, "दादा, अंकात मध्ये तुमच्या मुलीचं मोठं भाषण आहे, तेव्हा तुम्ही नुसते खिडकीपाशी उभे असता. तेवढ्यात मी जाऊन येत जाईन."

दादा उठले. अर्धा चेहरा न्यायाधीशाचा, अर्धा त्यांचा. माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी... खरंखुरं, मी जवळून बघितलं, ग्लिसरीन नव्हतं! म्हणाले, "ताई! अहो, सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तुम्ही माझ्यासाठी केलंत आणि मला कळलंही नाही! आधी तुमची तब्येत, मग नाटक. आणि या दादाच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडायचं नाही!" आणि मला ते पटलं, कारण दादांच्या तोंडून अक्षर बाहेर पडत नाही हा तर आमचा इतक्या वर्षांचा अनुभव! ठेवला! विश्वास ठेवला! एखाद्या गाढवानेही ठेवला नसता तसा ठेवला!

पहिल्याच प्रयोगाला, मुलीचं भाषण सुरू झालं, मी संहिता स्टुलावर ठेवली आणि चपला हातात घेऊन सटकले. आमच्या नाट्यगृहात मागच्या बाजूच्या बाथरूममध्येही एक छोटा स्पीकर आहे, नटांची एंट्री चुकू नये म्हणून स्टेजवरचं सगळं तिथे ऐकू येतं. मी बसले. स्पीकरवर मुलगी बोलतेय, झकास चाललंय, भरपूर वेळ आहे... आणि दादा गरजले, "पुरे!" अहो, 'पुरे' हे भाषण संपल्यावर आहे! ती पोरगी अजून अर्ध्यातही पोचली नव्हती! पण न्यायाधीश पुरे म्हणाल्यावर ती काय करणार, झाली गप्प. आता पुढचं वाक्य दादांचं. आणि स्पीकरवर... काही नाही. खरखर. नुसती खरखर. मला ते वाक्य पाठ आहे! माझ्या तोंडून आपोआप सुटलं, "कायदा मी लिहिला नाही, मी फक्त वाचला!" कुणाला दिलं? समोरच्या बादलीला!

आणि मग दादांचा आवाज आला. शांत. गोड. "मंडळी, क्षमा करा... माझी स्मरणशक्ती जरा लघवीला गेलीये."

हशा! आणि तो माणूस थांबला नाही हो तिथे! हशाची चव लागली ना. "वय झालंय तिचं," म्हणाला, "सारखी जाते बिचारी." पुन्हा हशा. आणि मग, अगदी हळवा आवाज काढून, "जळजळ होते म्हणे!" सगळं नाट्यगृह कोसळलं. स्पीकर फुटेल असं हसत होते लोक. तिसऱ्या रांगेतून तो घशाचा डॉक्टर हसताना मला वेगळा ओळखू आला, खोकल्यासारखं हसतो तो.

जळजळ. तो शब्द मी दिला होता त्यांना. कडी लावून दिला होता. आयुष्यभर मी त्यांना हजारो शब्द दिले, एक लक्षात राहिला नाही त्या माणसाच्या, आणि हा तेवढा राहिला! तिथेच बसून रडले मी. अहो, परक्याने हसं केलं असतं तर सोसलं असतं. ज्याच्यासाठी पाणी तोडलं, त्याने केसाने गळा कापला.

परत आले तर विंगेत सगळे तोंडाला रुमाल लावून उभे. आमची कपडेपटवाली, जिवाभावाची, तोंडात पिना धरून हसत होती! मी कुणाकडे बघितलं नाही. बसले आणि वाक्य दिलं, "कायदा मी लिहिला नाही." दादांनी उचललं. टाळी!

पडदा पडल्यावर गेले त्यांच्याकडे. म्हटलं, "दादा, शब्द दिला होतात तुम्ही." तर म्हणतात, "ताई! टाळी ऐकलीत ना? आणि तुमचं नाव कुठे घेतलं मी? मी तर स्मरणशक्ती म्हणालो!" वर माझ्या पाठीवर थाप, "श्रेय अर्धं तुमचंच हं!" मी म्हटलं, नको मला श्रेय, मी चालले, उद्यापासून दुसरी बाई बघा. तसे मालक धावत आले, "ताई, असं काय करता! लोक बाहेर तेच वाक्य बोलत जातायत! आता ते नाटकात कायम ठेवायचं. आणि तुमचाही फायदा बघा, त्या जागी तुम्ही जायचंच! संहितेतच लिहून टाकतो, प्रॉम्प्टर जाते. तुमच्या डॉक्टरांचं ऐकल्यासारखं होईल!"

मी विचार केला. अपमान खरा, पण मूत्रपिंडही खरं. अपमान गिळला, पाण्याबरोबर, नाहीतरी भरपूर प्यायला सांगितलंच होतं. गोळ्या संपवल्या, पुन्हा तपासणी केली, रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाब्बास! आता फक्त धरून बसू नका."

पुढचा प्रयोग. मुलीचं भाषण, दादांचं "पुरे!", मी उठले, सगळ्यांदेखत, हक्काने, चपला पायात घालून! दोन पावलं गेले आणि मागून दादांचा आवाज, "मंडळी, क्षमा करा... माझी..." शांतता. "माझी..." पुन्हा शांतता. मी वळून बघितलं. दादा माझ्याकडे बघतायत. ते डोळे मी ओळखते. विसरले! तेही विसरले! आले परत, टेकले स्टुलावर, आणि दिलं, "स्मरणशक्ती... जरा लघवीला..." त्यांनी उचललं, लोक हसले. मी पुन्हा उठते तर, "वय..." आणि थांबले. बसले पुन्हा. "जळ..." बसले! तोवर ती जागा संपली, पुढची वाक्यं आली, अंक संपेपर्यंत उठता आलं नाही.

त्यांना ते वाक्य आजतागायत पाठ झालेलं नाही. म्हणजे आता रोज असं आहे बघा... मी लघवीला गेलेय हे लोकांना सांगता यावं, म्हणून मी लघवी धरून तिथे बसलेली असते!